चेंडू हाती, कप्तानी दूर



आपल्या काकतीवरून जाणारा हमरस्ता एकीकडे धारवाडला जातो, तर दुसरीकडे निपाणीवरून पुण्याला. बाळू पालवणकर जन्मले धारवाडला आणि क्रिकेटमध्ये नावारूपाला आले पुण्यात. आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकीत. फलंदाजी त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. पुढे हिंदू संघाला त्यांच्या फिरकीची गरज भासली. जातीने चांभार असलेल्या बाळूंना मैदानात सोबत्यांनी आनंदाने चेंडू दिला. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही कप्तानी दरवर्षी दुसऱ्या कुणाकडे जाई.

१९२० साली बाळूंना वगळल्यावर विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी संघातून माघार घेतली. तेव्हा कुठे बाळूंना उपकप्तानी मिळाली. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. थोरल्याचा हक्क धाकट्याच्या हाती आला, तोही भांडून.

दूर अमेरिकेतही हेच घडत होते. कृष्णवर्णीय जॉन मॅक्लेंडन बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ यांच्याकडे कॅन्सास विद्यापीठात शिकले; पण तिथल्या संघात त्यांना जागा नव्हती. प्रशिक्षक म्हणून त्यांनी टेनेसीच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाला १९५७ ते १९५९ सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. तरी गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठाने त्यांच्या हाती संघ सोपवायला १९६६ साल उजाडले.

गुणाचा उपयोग करून घेणे समाजाला जड जात नाही, त्यात त्याचाच फायदा असतो. त्या गुणी माणसाचा हुकूम ऐकायची वेळ आली की जात आठवते, रंग आठवतो. बाळूंचे बळी सर्वांना हवे होते. क्षेत्ररक्षण कसे लावायचे हे त्यांनी सांगितलेले नको होते.

आपली घराणी या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. मंडळे, वाचनालये, पतसंस्था आपणच उभारल्या. त्यांत मांडव घालायला कोण येतो आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर आजवर कोण बसले, हे प्रत्येकाने आपापल्या संस्थेत एकदा मोजून पाहावे, एवढीच विनंती.