खाडीकाठच्या गावात आपले स्वागत

राज्यभरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून आलेले अभियंते, केमिस्ट, ऑपरेटर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे ठाण्यात मनापासून स्वागत करतो. कल्याण-डोंबिवलीकरांनीही हा मान माझ्याकडे सोपवला आहे, तेव्हा हे स्वागत त्यांच्याही वतीने. माझा व्यवसाय आपल्या क्षेत्रातला नाही. पण आपण जे पाणी स्वच्छ करता ते शेवटी ज्या खाडीला मिळते, तिच्या काठावर माझे आयुष्य गेले आहे.

आपण ज्या मुलखात आला आहात तो जुना आहे. कल्याण बंदराचा उल्लेख ग्रीक दर्यावर्दीच्या ‘पेरिप्लस’मध्ये आहे. ठाण्याचा किल्ला १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची आगगाडी निघाली ती आमच्या ठाण्यालाच आली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. मराठी मुलखातल्या पहिल्या महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. त्याच्या आदल्या वर्षी कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले होते. गुढीपाडव्याची शोभायात्रा आज गावोगाव निघते, तिची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीने केली. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. संध्याकाळी वेळ काढून तलावपाळीवर अवश्य फिरून या, कोपीनेश्वराचे दर्शन घ्या. मामलेदार कचेरीजवळची मिसळ किती तिखट घ्यायची, ते मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

पण ठाण्याबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी आमच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची सांगेन. १ जून १८९३ रोजी ते स्थापन झाले. वाचनालये तेव्हाही होती, पण फक्त मराठी ग्रंथ गोळा करायचे, छापलेले प्रत्येक मराठी पुस्तक जपायचे, असा संकल्प करणारी ही पहिली संस्था. विष्णु भास्कर पटवर्धन आणि विनायक लक्ष्मण भावे हे तिचे संस्थापक. भाव्यांचे नाव आज साहित्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते. हा गृहस्थ बी.एस्सी. झालेला, विज्ञानाचा पदवीधर. व्यवसाय मिठागरांचा, म्हणजे खाडीच्या पाण्यावर चालणारा. आणि या माणसाने ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले, आपल्या वाङ्मयाचा पहिला सलग इतिहास! जुन्या पोथ्या मिळवायच्या, ताडून पाहायच्या, हे काम त्यांनी जन्मभर केले. महानुभाव पंथाचे वाङ्मय मराठी वाचकांपुढे येण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ग्रंथ एकदा छापला म्हणून ते थांबले नाहीत. नवी सामग्री हाती आली की पुन्हा लिहीत, वाढवीत. १९२६ साली ते गेले, आणि पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी त्या ग्रंथाला पुरवणी जोडली. अशा माणसाचे नाव ठाण्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवे.

सांडपाण्याच्या परिषदेत हे कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परिषदेच्या तयारीसाठी आम्ही समितीचे लोक कोपरीचे केंद्र पाहायला गेलो होतो. दिवसाला १२० दशलक्ष लिटर क्षमतेचे हे केंद्र. तिथल्या एका तरुण ऑपरेटरने काचेच्या उभ्या नळीत टाकीतले गढूळ पाणी भरून ठेवले. अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वर पाणी निवळले. गाळ किती बसला यावरून टाकीतल्या जिवाणूंची तब्येत कळते, असे त्याने समजावले. ते जिवाणू जगवायला हवा लागते. हवा कमी पडली तर ते मरतात आणि दुर्गंधी सुटते. जास्त दिली तर वीज फुकट जाते, आणि केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक वीज हवा सोडणाऱ्या ब्लोअरनाच लागते. लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असला म्हणजे सहसा भागते, असे तो म्हणाला. हे सगळे तो अस्खलित मराठीत सांगत होता. मी विचारले, हे कुठे लिहिलेले आहे? त्याने पुस्तिका दाखवली. ती इंग्रजीत होती.

तेव्हा मला मराठी ग्रंथ जपणाऱ्या भाव्यांची आठवण झाली. त्या टाकीमागचे ज्ञान काही नवे नाही. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी सांडपाण्यातला गाळ टाकून न देता टाकीतच राखला, त्यातून हवा सोडली, आणि आठवडे लागणारे काम तासांवर आणले. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. इतके जुने ज्ञान, पण ते ज्याच्या हाताखाली टाकी चालते त्याच्या भाषेत आजही सहजी मिळत नाही. नवी केंद्रे बांधायला पैसा लागतो, तो सरकार देते. बांधलेले केंद्र नीट चालवायला मात्र रात्रपाळीच्या माणसाला काय दिसले म्हणजे काय करावे, हे ठाऊक असावे लागते. कल्याणचे आधारवाडी, बारावे, डोंबिवलीचे मोठागाव, सगळीकडे प्रश्न हाच आहे. डोंबिवलीत तर औद्योगिक वसाहत शेजारी. कारखान्याचे रसायन घरगुती गटारात शिरले तर जिवाणू मरतात, मग केंद्र कितीही अद्ययावत असो. आमची खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, दरवर्षी रोहित पक्षी येतात. तिच्यात आम्ही काय सोडतो, याची लाज आणि काळजी दोन्ही आम्हाला आहे.

आता व्यवस्थेविषयी. आपली उतरण्याची सोय एका ठिकाणी करता आली नाही. काही मंडळी नौपाड्यात, काही पाचपाखाडीत, तर काही थेट कल्याणला आहेत. गर्दीच्या वेळी लोकलने येणे किती अवघड, हे आम्ही जाणतो. त्याबद्दल क्षमा असावी. वाहने लावायला जागा अपुरी आहे. तीन हात नाक्यावरच्या कोंडीमुळे काल रात्री काही पाहुण्यांचे जेवण थंड झाले. स्मरणिका आज दुपारपर्यंत हाती येईल, असे छापखान्याने सांगितले आहे. मागच्या रांगांना आवाज नीट पोहोचत नसेल तर हात वर करावा, स्वयंसेवक धावतील. आमच्या उत्साहाकडे पाहून उणिवा पोटात घालाव्यात, ही विनंती.

देणगीदारांपैकी बऱ्याच जणांनी नाव पुकारू नका, असे बजावले आहे. तरी सांगतो. घोडबंदर रस्त्यावरच्या कितीतरी गृहसंकुलांनी वर्गणी दिली. त्यांच्याकडे स्वतःची छोटी प्रक्रिया केंद्रे आहेत. वीजबिल परवडत नाही, वास येतो, माणूस टिकत नाही, असे त्यांचे सचिव सांगतात. ते मागच्या बाकांवर वह्या घेऊन बसले आहेत, त्यांच्या प्रश्नांना वेळ द्या. दोन्ही वेळचे जेवण आमच्या बचत गटाच्या भगिनी रांधत आहेत, मंडपवाल्यांनी निम्मेच पैसे घेतले, महाविद्यालयीन मुलामुलींनी स्टेशनवर पहाटेपासून उभे राहून आपले स्वागत केले. महापालिकांचे अधिकारी आणि कामगार यांनी केंद्रे पाहू दिली. या सर्वांचा मी ऋणी आहे.

शेवटी एक मागणे. आपण सादर करणार असलेले निबंध इंग्रजीत असतील, असू द्यात. पण प्रत्येकाने आपल्या निबंधातले ऑपरेटरच्या कामाचे तेवढे सोप्या मराठीत वेगळे लिहून द्यावे. ते छापण्याचा खर्च स्वागत समिती करील, आणि पहिली प्रत मराठी ग्रंथसंग्रहालयात ठेवू. मजकूर निरोपाच्या सत्रापूर्वी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर द्यावा.