तबकडीची मागची बाजू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘एका रॉक वादकाच्या तबकडीची जन्मकथा’ असे कळविले. संतवाङ्मय, अर्थकारण, आरोग्य अशा भारदस्त विषयांच्या रांगेत हा गिटारवाला कोठून येऊन बसला, असा प्रश्न चालकांना पडला असावा. परंतु त्यांनी नकार दिला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय वाटतो तितका परका नाही. तो घडला मुंबईच्या फोर्टात, म्हणजे विठ्ठलवाडी स्टेशनावरून लोकल पकडली तर सव्वा-दीड तासाच्या अंतरावर. आणि त्यातून निघणारा प्रश्न तर कॅम्प चारच्या माणसाला कोणी समजावून सांगावा असा मुळीच नाही.

बीटल्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरातले चार तरुण. त्यांतला गिटार वाजविणारा, वयाने सर्वांत धाकटा, तो जॉर्ज हॅरिसन. १९६६ च्या सप्टेंबरात हा मुंबईत आला आणि पंडित रविशंकरांजवळ सतार शिकू लागला. जगातील लक्षावधी मुले ज्याच्या नावाने किंचाळत होती, तो माणूस मांडी घालून बसावयास शिकत होता. त्या वेळी त्याला धडे देणाऱ्यांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास हेही होते. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

पुढच्याच वर्षी जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकाने त्याला ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत करण्यास सांगितले. चित्रपटात संभाषण अगदी थोडे. म्हणजे संगीतकाराला मोकळे रान. हॅरिसनने सेकंद मोजण्याचे घड्याळ हाती घेतले आणि कोणता प्रसंग किती वेळ चालतो हे टिपून काढले. १९६७ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये काम सुरू झाले. तेथील पाश्चात्य भाग लिव्हरपूलचाच ‘रेमो फोर’ हा बँड आणि इतर वादक यांनी वाजविला. भारतीय भागासाठी मात्र तो १९६८ च्या जानेवारीत मुंबईस आला आणि फोर्टातील सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत त्याने ध्वनिमुद्रण केले.

आता स्टुडिओ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते जरा बाजूला ठेवावे लागेल. लंडनमध्ये हॅरिसनला सवय होती ती एकाच फितीवर चार निरनिराळे ध्वनी शेजारीशेजारी मुद्रित करणाऱ्या यंत्राची. तेथे ढोल आज वाजवावा, गाणे उद्या गावे, आणि कोणाचा आवाज किती ठेवावयाचा ते परवा ठरवावे. मुंबईत होते जुने यंत्र, एकच ध्वनी घेणारे. हॅरिसनला तर स्टीरिओ हवे होते. तेव्हा ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन मार्गांचे यंत्र आगगाडीने मुंबईस आणविले. हेच मेनन पुढे ई. एम. आय. च्या जगभरच्या संगीतव्यवसायाचे प्रमुख झाले.

दोन मार्ग मिळाले, तरी मूळ अडचण राहिलीच. सतार जास्त ऐकू यावी की शहनाई, हे वाजवितानाच ठरले पाहिजे. मागाहून दुरुस्ती नाही. ज्याचे वाद्य नाजूक त्याने ध्वनिग्राहकाजवळ बसावे, ज्याचे जोरदार त्याने दूर सरकावे. एकजण चुकला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. त्यात खोलीत बाहेरचा आवाज येई. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा दणदणाट सुरू होई आणि काम थांबवावे लागे. हॅरिसनने स्वतःच पुढे सांगितले आहे की, कान देऊन ऐकले तर त्या तबकडीत रस्त्यावरच्या टॅक्सीही ऐकू येतात. घरी परतणारे ते कारकून आणि ते टॅक्सीवाले हे त्या तबकडीचे बिनपगारी वादकच म्हणावयाचे!

आणि खरे वादक कोण होते? संतूर शिवकुमार शर्मांचा, सरोद आशीष खाँ यांचा, तबला व पखवाज महापुरुष मिश्र यांचा. सतारीवर आपले शंभू दास. तारशहनाईवर विनायक व्होरा. तारशहनाई म्हणजे फुंकण्याचे वाद्य नव्हे; ते गजाने वाजविण्याचे तंतुवाद्य, त्याला कर्णा जोडलेला. हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाड यांचा, बासरी केंकरे यांची. यांतील काहींना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाची सवय होती. ‘इतक्या सेकंदांत, असा भाव, आणि येथे थांबा’ एवढे सांगितले की त्यांना पुरे. राग जाणणे ही एक विद्या आणि घड्याळाच्या काट्यावर राग मांडणे ही दुसरी. दुसरीची प्रशस्ती आपण सहसा गात नाही; परंतु ती तबकडी उभी राहिली ती या दुसरीवर.

त्याच मुक्कामात हॅरिसनने आणखी एक चाल बसविली व मुद्रित केली. केंब्रिजमधील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी त्याला पत्राने सुचविले होते की, चिनी ‘ताओ ते चिंग’ मधील वचनांना चाल लावून पाहा. मुंबईचे हे वादन घेऊन तो लंडनला गेला, तेथे फेब्रुवारीत त्यावर शब्द गायिले गेले, आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या पाठीमागे ‘द इनर लाइट’ म्हणून ते बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या दोन गाण्यांच्या तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची. परंतु त्या लहान तबकडीच्या गोल चिठ्ठीवर मुंबईच्या एकाही वादकाचे नाव नव्हते.

मोठी तबकडी, ‘वंडरवॉल म्युझिक’, १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडात निघाली. तीत १९ तुकडे आहेत. बीटल्सपैकी कोणी एकट्याच्या नावाने काढलेली ही पहिली तबकडी, आणि त्यांच्या नव्या ‘ॲपल’ कंपनीचीही पहिलीच मोठी तबकडी. इंग्लंडात ती विक्रीच्या यादीत आलीच नाही. अमेरिकेत ४९ व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. म्हणजे दिग्विजय नव्हे. परंतु तिच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूस एक गोष्ट आहे, आणि आम्ही येथवर आलो ते तेवढ्यासाठीच. तेथे मुंबईच्या वादकांची नावे वाद्यांसह छापलेली आहेत. हिज्जे वाकडेतिकडे आहेत. शर्मांचे आडनाव ओळखू येऊ नये असे झाले आहे. सूरबहार वाजविणाऱ्याचे नुसते ‘चंद्रशेखर’, आडनाव गायब. तरीही नावे आहेत. आज आम्ही ती तुमच्यासमोर घेऊ शकलो, ती त्या कागदाच्या आधाराने.

येथे कोणी म्हणेल, त्यांना बिदागी मिळाली असेल, मग नाव कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. कामाचा दाम मिळणे ही पहिली गोष्ट, आणि दाम बुडवून नुसते नाव छापणारेही जगात कमी नाहीत. परंतु दाम आजचा दिवस काढतो. नाव पुढचे काम आणते, आणि माणूस गेल्यावर त्याच्या नातवंडांना काही दाखवावयास राहते.

ही गोष्ट कॅम्प चारमध्ये निराळी सांगावी लागत नाही. ही सारी वस्ती मूळची महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिच्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, तोवर माणसांचा पत्ता म्हणजे छावणी आणि बराकीचा आकडा. आजही आपण आकडेच सांगतो, पण आता तो आकडा आपला झाला आहे. पुढे येथल्या मालावरची ‘मेड इन यूएसए’ ही अक्षरे म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद देशभर झाला. लोक हसले. आम्हांस मात्र त्यात थोडी बोच वाटते. माल चांगला होता म्हणून तर तो दुसऱ्याच्या नावावर खपला! येथील शिवणकाम करणारे एक वृद्ध गृहस्थ आम्हांस एकदा म्हणाले होते, “लेबल सगळ्यांत शेवटी लागते, आणि ते लावायला मिनिटसुद्धा लागत नाही.” तबकडीचेही तेच आहे.

आणि आपले घर तरी कोठे स्वच्छ आहे? आपल्या आवडत्या भावगीताचा गायक आपल्याला ठाऊक, कवी ठाऊक, संगीतकार ठाऊक. त्या गीतातील दोन कडव्यांच्या मधली बासरी आपण नकळत गुणगुणतो. ती कोणाची, हे किती जण सांगू शकतील? आम्ही स्वतः या परीक्षेत नापास झालो आहोत. आमच्या लाडक्या दहा गीतांपैकी एकाच्याही वादकाचे नाव आम्हांस सांगता आले नाही. आणि आता तर गाणे फोनवर ऐकावयाचे. वेष्टन नाही, म्हणजे मागची बाजूच उरली नाही. शोधले तर नावे कधी सापडतात, पण शोधावी लागतात.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. गणेशोत्सवात वाद्यवृंद होतो, लग्नात बँड वाजतो, शाळेच्या संमेलनात पेटी-तबल्यावर कोणी बसते. निवेदकाने गायकाबरोबर त्यांचीही नावे घ्यावीत, पूर्ण आणि नीट उच्चारून. आणि ती शेवटी, लोक चपला शोधू लागल्यावर नव्हे, तर आरंभी घ्यावीत. ध्वनिमुद्रण कराल, तर त्याखाली लिहावीत. पैसा लागत नाही, मिनिट लागते.

आम्ही जे सांगितले ते तुम्हांस ऐकू गेले, ते त्या कोपऱ्यात ध्वनिक्षेपक सांभाळून बसलेल्या गृहस्थांमुळे. त्यांचे नाव आम्ही आरंभी विचारावयास हवे होते. व्याख्यान संपताच प्रथम तेच करणार आहोत.