असणे आणि मिळणे : लखनौच्या ऊसर जमिनीचे रसायन



दहावीनंतर जीवशास्त्राची वाट धरणारा विद्यार्थी पुष्कळदा एक भाबडी आशा बाळगून असतो. आता रसायनातील समीकरणे मागे पडली, असे त्याला वाटते. पुढील वर्गात अणू, आयन आणि सामू यांची पुन्हा गाठ पडली की त्याचा हिरमोड होतो. वनस्पती शिकायची तर आधी सोडिअम कशाला, असा प्रश्न पालकही विचारतात. त्याचे उत्तर लखनौ शहराबाहेरच्या जमिनीत फार स्पष्टपणे लिहिलेले आहे.

मराठी माणसाला लखनौ ठाऊक असते ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या संगीत महाविद्यालयामुळे. त्या शहराच्या आसपास आणि गंगेच्या सपाट खोऱ्यात इतरत्रही ‘ऊसर’ नावाची जमीन आढळते. मराठी शेतकरी तिला चोपण म्हणेल. उन्हाळ्यात तिच्यावर ‘रेह’ नावाची पांढरी पापुद्री येते आणि पावसाळ्यात पाणी वर साचून राहते. तेथे गवतही धड उगवत नाही. आश्चर्य असे, की या जमिनीत पिकाला हवे ते बरेचसे असते. थोड्या खोलीवर चुन्याच्या खड्यांचा, म्हणजे कंकराचा थर असतो, म्हणजेच कॅल्शिअम आहे. लोह आहे, जस्त आहे, वर पाणीही आहे. तरीही मूळ उपाशी आणि तहानलेले राहते.

‘असणे’ आणि ‘मिळणे’ यांतील हे अंतर म्हणजेच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकायचे रसायन.

चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचे आयन त्यांना चिकटून राहतात. कॅल्शिअमच्या आयनावर दोन प्रभार असतात. तो कणांना जवळ आणतो, त्यांचे रवाळ पुंजके होतात आणि पुंजक्यांमधील पोकळीतून पाणी व हवा खेळते. सोडिअमवर एकच प्रभार, शिवाय भोवती पाण्याच्या रेणूंचे जाड वेष्टन. त्याची पकड सैल पडते, कण एकमेकांना दूर लोटतात, सुटे होतात आणि पोकळ्या बुजवतात. पाणी खाली उतरत नाही, ते याच कारणाने. घरात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, त्याचे कारणही याच्या जवळचेच. तुरटीतील ॲल्युमिनिअमवर तीन प्रभार असतात. ज्या घरात तुरटीचा खडा आहे, त्या घरात हा धडा आधीच शिकवला गेला आहे, फक्त त्याला कोणी रसायन म्हटले नाही.

दुसरी गोष्ट सामूची. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ही मोजपट्टी सुचवली. तिच्यावरील एक पायरी दहापटीची असते, हे विद्यार्थी हमखास विसरतात. सामू ८ वरून १० झाला तर अल्कता दोन अंशांनी नव्हे, शंभरपटीने वाढते. ऊसर जमिनीत पापडखाराच्या जातीचे सोडिअम कार्बोनेट व बायकार्बोनेट असल्याने सामू १० च्याही वर गेलेला आढळतो. अशा मातीच्या निवळीत हळदीचा कागद बुडवला तर तो तांबूस होतो, चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते तसाच. या सामूला लोह, जस्त आणि कॅल्शिअम विरघळलेल्या रूपात फारसे उरत नाहीत, आणि मूळ तर विरघळलेलेच घेऊ शकते.

याचे एक बोलके उदाहरण त्याच प्रांतातले आहे. पंतनगर तेव्हा उत्तर प्रदेशात होते. तेथील कृषी विद्यापीठाच्या परिसरात भाताच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत आणि रोपे खुरटत. लोक त्याला ‘खैरा’ म्हणत. रोग म्हटला की बुरशी, जिवाणू किंवा विषाणू शोधायचा, ही वनस्पतिरोगशास्त्राची स्वाभाविक सवय. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ होते, तरी त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की येथे कोणताही जंतू नाही, रोपाला जस्त मिळत नाही. जस्ताच्या सल्फेटची चुन्याच्या निवळीसह फवारणी हा त्यावर उपाय ठरला. जीवशास्त्राचा प्रश्न होता आणि उत्तर रसायनाने दिले. ऊसर सुधारून लावलेल्या भातालाही जस्ताची ही उणीव वारंवार भासते.

लखनौ–कानपूर रस्त्यावर बंथरा येथे प्रा. कैलासनाथ कौल यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात ऊसर सुधारण्याचे काम सुरू झाले. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत जिप्सम वापरतात, साधारणपणे हेक्टरी १० ते १५ टन. जिप्सम म्हणजे कॅल्शिअम सल्फेट. त्यातील कॅल्शिअमचा एक आयन मातीच्या कणावरील सोडिअमचे दोन आयन हटवून त्यांची जागा घेतो. ही अदलाबदल १८५० मध्येच इंग्लंडमधील थॉम्प्सन आणि वे यांनी नोंदवली होती. मग बांध घालून पाणी साठवायचे, सुटलेले सोडिअम सल्फेट धुऊन काढायचे, धैंचा गाडायचा आणि आधी भात घ्यायचा.

येथे सावध राहावे लागते. कृष्णाकाठी सांगली–कोल्हापूर भागातही अतिसिंचनाने जमिनी पांढऱ्या पडल्या आहेत. परंतु पांढरी पापुद्री दिसली की जिप्सम टाका, हा शहाणपणा नव्हे. केवळ खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. तेथे परासरणामुळे मुळाला पाणी ओढणे जड जाते आणि उपाय असतो चांगला निचरा व गोडे पाणी. चोपण जमिनीत मात्र कणांवरचे सोडिअमच हटवावे लागते. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसू शकतात, म्हणून मातीची तपासणी आधी आणि पोते नंतर. हा भेद न कळल्यामुळे खर्च वाया गेला, तर त्याची झळ शेतकऱ्याच्या घराला बसते.

आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांनी शेवटी विचारलाच पाहिजे : शेतातून धुतलेले सोडिअम गेले कुठे? अणू नाहीसा होत नाही. तो पाण्याबरोबर वाहतो आणि वाट नसेल तर शेजारच्या सखल शेतात जाऊन बसतो. म्हणून ऊसर सुधारणेत जिप्समच्या पोत्यांइतकेच निचऱ्याच्या चरांना महत्त्व असते, आणि असा चर एकट्या शेतकऱ्याला खणता येत नाही. तो साऱ्या गावाच्या शेतांतून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो.