आधी तोल, मग बोल



मी सॉफ्टवेअर लिहिते. अंटार्क्टिकाला गेलेली नाही, पण तिथल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांमधल्या मातीचे आकडे मी तपासले आहेत. तिथे वर्षभरात पडलेलं हिम वितळवलं, तरी १०० मिलिमीटर पाणी होत नाही. त्यातलंही बरंचसं थेट वाफ होऊन उडून जातं. तरी त्या मातीत सूक्ष्म कृमी जगतात. ओल संपली की सुकून निपचित पडतात, ओल आली की पुन्हा हलू लागतात.

थंडी वाढताच मातीत पुरलेल्या सेन्सरचा ओलाव्याचा आकडा घसरला. ‘माती सुकली’, असं मी अहवालात लिहिलं. खरं तर पाणी गोठलं होतं! पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास, बर्फाचा जेमतेम ३. त्यामुळे सेन्सरला बर्फ कोरड्या मातीसारखाच वाटतो. तापमानाचा रकाना शेजारीच होता; मी पाहिला नव्हता.

तेव्हा विज्ञानाच्या बाई आठवल्या. माती तोलायची, तापवायची, पुन्हा तोलायची, असा प्रयोग होता. मी दुसऱ्यांदा न तोलताच उत्तर लिहिलं. बाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, “आधी तोल, मग बोल.”

शास्त्रज्ञ आजही माती १०५ अंशांवर सुकवून पुन्हा तोलतात.

बाई, अहवाल पाठवण्याआधी मी ते वाक्य खोडलं.