उघाडीचें दार

धरमतरच्या खाडीकांठीं, पेण-अलिबागच्या बाजूस, भातशेतांचा एक सपाट पट्टा आहे. खाडीला मोठी भरती आली कीं तिचें पाणी ह्या शेतांहून उंच चढतें. मध्यें असतो तो केवळ मातीचा एक बांध. बांधापलीकडे चिखल व तिवरांची झाडी, अलीकडे भात. ह्या जमिनीला उत्तर कोंकणांत खारजमीन म्हणतात, गोव्यांत खाजण. आकारानें ती एखाद्या ताटासारखी असते. आणि ताटांत सांचलेलें पाणी बाहेर कसें काढावें, हाच तेथील शेतीचा मूळ प्रश्न होय.

शहरांतील मनुष्यास वाटतें कीं समुद्रकांठच्या शेतकऱ्याचें वैर समुद्राशीं असावें. तें खरें आहे, पण अर्धेंच. पावसाळ्यांत त्याचें शेत बुडविणारें पाणी पुष्कळदां गोडें असतें. तें डोंगरावरून येतें. त्याला वाट देण्याकरितां बांधांत मोरी बांधून तिच्या तोंडाशीं झडप टांगलेली असते. रायगडकडे तिला उघाडी म्हणतात, गोव्यांत मानस. झडप बाहेरच्या अंगास उघडते. ओहोटी लागली कीं आंतील पाणी तिला ढकलून बाहेर पडतें. भरती चढूं लागली कीं खाडीचें पाणी तिला दाबून मिटवितें. दिवसांतून दोनदां ही उघडझांप कोणी हात न लावतां चालते. परंतु अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळीं आले, तर दार बराच वेळ मिटलेलें राहतें व आंत पाणी वाढत जातें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं भरतीनें तुंबलेल्या पाण्याचा हाच अनुभव मुंबईकरांनीं घेतला आहे.

शेतकऱ्यास मात्र नुसतें पाणी काढून भागत नाहीं. उन्हाळ्यांत जमिनीच्या पोटांतील मीठ ओलाव्याबरोबर वर येऊन पांढरा थर धरतें. पहिल्या पावसांचें पाणी शेतांत थोपवून, त्यांत मीठ विरघळवून, मग तें उघाडीवाटे सोडावें लागतें. राता, कोरगूट हीं जुनीं भातें आणि पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें काढलेले वाण क्षार कांहींसा सोसतात. पण बांध फुटल्यावर कोणत्याही वाणाचा इलाज चालत नाहीं.

आणि बांध फुटतो तो बहुधा लाटेच्या एका तडाख्यानें नव्हे. खेकडा बीळ पाडतो. बिळांतून पाण्याची धार लागते. धारेची घळ होते आणि एखाद्या उधाणाला तेथें खांड पडते. बीळ वेळींच चिखलानें बुजविणें हें एका माणसाचें काम. खांड बुजविण्यास सारा गांव लागतो. म्हणून पूर्वीं पेणकडे शिलोत्री नांवाची पद्धत होती. बांध राखणाऱ्यास शेतकरी भाताचा वांटा देत. गोव्यांत हें काम गांवकरी पाही. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं कायदा केला. १९७९ सालीं त्याच्या जागीं महाराष्ट्राचा नवा कायदा आला. सरकारी योजनांमुळें मोठ्या कामांस पैसा मिळाला, हें कबूल केलेंच पाहिजे. पण बिळावर रोज नजर ठेवणारा मनुष्य कोणत्याही अंदाजपत्रकांत बसत नाहीं.

गोव्यांतील अडचण अधिक नाजूक आहे. मानशीच्या तोंडाशीं मासळी सांपडते व ती धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पूर्वीं हें उत्पन्न गांवकरीस मिळे आणि बांधाची जबाबदारीही तिचीच असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर कारभार कुळांच्या संघांकडे गेला. पुढें कोळंबीला भाव आला, आणि भाताहून मासळीचा पैसा जड झाला. मक्तेदाराला भरतीचें पाणी आंत हवें असतें, कारण त्याबरोबर मासळी येते. भात करणाऱ्याला नेमकें तेंच नको असतें. एका दाराला दोन धनी झाले. आणि जेथें मक्तेदाराचें चाललें, तेथें शेतें खारावलीं.

खारावलेलें शेत फार काळ उघडें राहत नाहीं. खांडीवाटे भरतीबरोबर तिवराचें बी वाहत येतें, रुजतें, आणि कांहीं वर्षांत तेथें दाट झाडी उभी राहते. हेंच झाड बांधाबाहेर असलें म्हणजे लाटेचा जोर मोडून बांध राखतें, म्हणून त्याला शत्रु म्हणतां येत नाहीं. सप्टेंबर २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें राज्यभर अशा झाडीच्या तोडीस मनाई केली, ती योग्यच होय. मात्र ज्याची खांड वेळेवर बुजली नाहीं, तो शेतकरी पुढें बांध घालून जमीन सोडवूं म्हणेल, तर त्याला कुऱ्हाड उचलतां येत नाहीं. त्याच्या सातबाऱ्यावर भात असतें, आणि जमिनीवर रान.