दीपस्तंभाचें पारितोषिक

विज्ञानाचें पारितोषिक म्हटलें कीं गहन सिद्धांत आणि समीकरणांनीं भरलेला फळा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु आल्फ्रेड नोबेल यांचा संकल्प इतका एकांगी नव्हता. १८९५ सालच्या मृत्युपत्रांत त्यांनीं पदार्थविज्ञानापुरतें तरी निसर्गाचें रहस्य उलगडणारा आणि नवें साधन घडविणारा, या दोघांना एकाच पंक्तीस बसविलें आहे. कसोटी एकच : मानवजातीचें हित.

१९१२ सालचें हें पारितोषिक स्वीडनमधील गुस्ताफ दालेन या इंजिनियरास मिळालें. दूरच्या खडकांवरील दीपस्तंभ आणि समुद्रांतील बोये ॲसिटिलीन वायूवर जळत. ते रोज सकाळीं विझवावयाचे कोणीं? दालेन यांनीं एक झडप योजिली. तींत एक काळा दांडा आणि त्याभोंवतीं चकचकीत दांडे. काळा रंग प्रकाश शोषून घेतो. म्हणून दिवस उजाडला कीं तो दांडा इतरांहून अधिक तापून वाढतो व वायूची वाट बंद करतो. सायंकाळीं तो आखडतो आणि दीप पुन्हां पेटतो. रखवालदारावांचून दिवे महिनेच्या महिने चालूं लागले.

त्याच वर्षीं वायूच्या टाक्यांची परीक्षा घेतांना स्फोट होऊन दालेन यांची दृष्टि कायमची गेली. पारितोषिक त्यांच्या वतीनें बंधूंनीं स्वीकारलें. तथापि १९३७ सालीं निधन होईपर्यंत दालेन यांनीं काम सोडलें नाहीं. १९२२ सालीं, अंधत्वांत, त्यांनीं गृहिणींसाठीं थोड्या इंधनाची चूल सिद्ध केली.

प्लांक यांना १९१८ चें आणि आइन्स्टाइन यांना १९२१ चें पारितोषिक मिळालें. त्यांच्या आधीं झडप करणाराचा मान कसा, असें विचारणारे मला भेटतात. मीहि एके काळीं तसेंच विचारलें असतें. माझ्या वर्गांतील एका मुलास शब्दरूपें येत नसत. मीं त्याला बांकावर उभें करीत असें. एकदां शाळेचें बंद पडलेलें घड्याळ त्यानेंच चालू केलें. मीं त्याला शाबासकी दिली नाहीं. उलट अभ्यास सोडून हे उद्योग कशाला, म्हणून रागावलों. तो पुढें शाळेंत आलाच नाहीं. तें घड्याळ मात्र माझ्या निवृत्तीपर्यंत ठोके देत होतें.

मोठ्या सिद्धांताचा मान मोठा, हें मला मान्य आहे. परंतु वादळी रात्रीं किनारा शोधणाऱ्या खलाशास विचारा. तो दिव्याकडे बोट दाखवील. म्हणून, श्रोतेहो, आपल्या घरांतील मूल एखादें यंत्र उघडून बसलें, तर रागावण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या हातांकडे पाहा.