कुत्रं आळशी झालंय, की त्याचे सांधे दुखतायत?

(मासिक सभेतलं बोलणं)



बचत जमा झाली, हप्ते झाले. आता पाच मिनिटं दारातल्या कुत्र्याविषयी बोलूया. हसू नका! आपल्या कागल भागात गोठा, शेळ्या, कोंबड्या रात्रभर कोण राखतं? आणि तेच कुत्रं म्हातारपणी उठेना झालं की आपण म्हणतो, "आळशी झालंय, नुसतं खातंय."

पुष्कळदा तो आळस नसतो, संधिवात असतो. आपले गुडघे धरतात ना, तसंच. वय सात-आठच्या पुढं गेलं की लक्ष ठेवा. सकाळी उठताना पाय आखडतात, चाललं की जरा मोकळे होतात. ओट्यावर चढत नाही, एकच सांधा चाटत बसतं, हात लावला की गुरगुरतं. या त्याच्या तक्रारीच आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं ऐका. घरातली माणसाची दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं पोटात जखमा होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉलनं यकृत बिघडतं. माया म्हणून दिलेली गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्याचं औषध वेगळं असतं, डॉक्टर वजन बघून देतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून विचारा.

घरी काय करायचं? वजन वाढू देऊ नका. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. चहा-बिस्किटं बंद. दिवसभर साखळीला बांधू नका, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चालवा. नुसतं बसून पायातली ताकद जाते. पावसाळ्यात, थंडीत ओल्या फरशीवर झोपू देऊ नका, कोरडी पोती दुमडून वर जुनी गोधडी घाला. वाढलेली नखं कापून घ्या. कोमट फडक्यानं दहा मिनिटं शेका, आधी आपल्या हाताला लावून बघा. अचानक लंगडायला लागलं, सांधा सुजला, खाणं सोडलं, तर वाट बघत बसू नका.

वय मागं फिरत नाही, हा आजार पुरता जात नाही. पण दुखणं कमी होतं आणि म्हातारपण सुखाचं जातं. ते तोंडानं सांगू शकत नाही, म्हणून आपणच बघायचं. उद्या सकाळी ते कसं उठतंय तेवढं बघा आणि पुढच्या सभेत सांगा.